काचेची तार

नेरूळ,
१६ नोव्हेंबर १९९७

ती. आबांना वैशालीचा नमस्कार.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहितेय. तुमचं बोलणं लेकाशी बंद आहे. सुनेशी बंद आहे असं मला कुणी सांगितलेलं नाही, तेव्हा लिहायला हरकत नसावी.

दिवाळीत आईंनी फोनवर विचारलं, "दोघं कामाला जाता म्हंजी करता तरी काय गं?" शेजाऱ्यांच्या फोनवरून किती सांगणार? म्हणून लिहिते. तुम्ही टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात जन्म काढलात. ह्यांना खात्यात चिकटवलंत. ती सरकारी नोकरी सोडून हे ठेकेदाराकडे काचेच्या केबलवर आले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "तार ती तार. काच फुटती." त्याला दोन वर्षं झाली. त्यानंतर तुम्ही ह्यांच्याशी शब्द बोलला नाहीत.

काच फुटते हे खरं आहे, आबा. पण ती कसं काम करते हे तुम्हाला कळावं असं मला फार वाटतं. केसाएवढा बारीक धागा असतो. त्याच्या आत आणखी बारीक गाभा. एका टोकाला लेझरचा उजेड सोडायचा. तुम्ही विचाराल, केबल वळली की उजेड बाहेर का पडत नाही? विहिरीत बुडी मारून पाण्याखालून तिरकं वर बघितलंय ना तुम्ही? पाणी आरशासारखं चकाकतं, काठावरचं झाड दिसत नाही. तसंच हे. गाभ्याभोवती वेगळ्या जातीची काच असते, तिच्यावर तिरका पडलेला उजेड परत आतच वळतो. असा वळत वळत तो पार उरणपर्यंत जातो. आणि तुमच्या तारखात्यातल्या कडकट्टसारखाच तो चालू-बंद, चालू-बंद होत असतो, फक्त मोजता येणार नाही इतक्या वेगानं. एका धाग्यातून हजारो माणसं बोलतात.

हे खड्ड्यात उतरून धागे जोडतात. मी नेरूळला खोलीत मशीनवर असते. मशीन धाग्यात उजेडाचा एक ठोका सोडतं. वाटेवर जागोजागी त्यातला कण कण माघारी येतो आणि पडद्यावर उताराची एक रेघ उमटते. कुठं जोड वाईट असेल तर तिथं रेघेला पायरी पडते. पायरी किती अंतरावर आहे तेही मशीन सांगतं. मग मी लाइनवर म्हणते, "कृष्णात, परत जोड." लाइनवर नाव घ्यावंच लागतं, रागावू नका.

भीतीसारखं काही नाही. धाग्याचे तुकडे बोटात गेले तर सापडत नाहीत, म्हणून ह्यांचे कपडे वेगळे धुते. आणि हा उजेड डोळ्याला दिसत नाही, म्हणून तुटक्या टोकात बघायचं नाही. एवढंच. आईंना हे शेवटचं वाचून दाखवू नका.

वैशाली


२३ नोव्हेंबर १९९७

ती. आबा,

तुमचं उत्तर येणार नाही हे धरूनच लिहिते.

मागच्या पत्रात भीती नाही असं लिहिलं. ते खरं नव्हतं. दसऱ्यानंतर रबाळ्याला ह्यांनी एका चेंबरचं, म्हणजे केबलच्या खड्ड्याचं, झाकण उघडलं आणि लगेच उतरले. कारखान्यांतलं काय काय आत साठलेलं असतं. शिडीवरच घेरी आली. हिरामणनी कॉलर धरून वर ओढलं. हिरामण म्हणजे ह्यांच्या जोडीचे, जासईचे, वयानं बरेच मोठे. घरी आल्यावर हे म्हणाले, "उन्हानं झालं." ओकाऱ्या चालू होत्या.

हे खाली उतरले की लाइन गप्प होते. बोलायचा संच वर गाडीत राहतो. मग मी त्या रेघेकडे बघत बसते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत बघते. पापणी मिटली आणि तेवढ्यात काही झालं तर, असं वाटतं. शेजारच्या टेबलावरच्या बाई हसतात मला.

आता जासईचं काम निघालंय. गेल्या महिन्यात तिथं जेसीबीनं केबल तोडली. मध्ये नवा तुकडा घालावा लागला, त्यामुळे दोन जोड झाले, दोन चेंबरमध्ये. एक नेरूळकडचं, एक उरणकडचं, मध्ये दोनेकशे मीटर. उरणकडचा जोड खराब आहे, तो परत करायचाय. आणि नेमका त्याच पट्ट्यात रस्ता उंच करायला मुरमाचा भराव चाललाय. कंटेनर यार्डाच्या बाजूनं दिवसभर डंपर येतात, मागची फळी उघडून ओततात आणि जातात. चेंबरपाशी बांबूला लाल फडकं लावतात हे लोक. धुळीत ते फडकं कुणाला दिसणार?

मी म्हणाले, भराव होऊ द्या, मग उतरा. हे म्हणाले, "एवढी भीत आसशील तर घरी बस." मीही काहीबाही बोलले. चार दिवस झाले, आम्ही फक्त लाइनवर बोलतोय, तेही कामापुरतं.

हिरामणना मी वेगळं गाठून सांगितलं. ते म्हणाले, "ताय, टेन्शन नको घेव. मी हाय ना तोंडाशी." तेवढाच आधार आहे. गुरुवारी जाणार आहेत.

वैशाली


३० नोव्हेंबर १९९७

ती. आबा,

आई सुखरूप पोचल्या. आता वाशीच्या दवाखान्यात ह्यांच्या उशाशी आहेत. तुम्ही गुरांमुळे आला नाहीत असं त्या म्हणाल्या.

तुम्हाला केलेल्या तारेत 'किरकोळ अपघात' असं मीच घालायला सांगितलं. किरकोळ नव्हता. हे जिवंत आहेत. आधी ते वाचा, मग पुढचं.

गुरुवारी दुपारी ह्यांचा आवाज आला. "निळा धागा लाव मशीनला." मी म्हणाले, "लावलाय." "उरणकडच्या चेंबरात पाणी भरलंय. हिरामण गाडी घेऊन पंप आणाय चाललाय. त्यो आला की उतरतो." एवढंच. संच गाडीतच होता, तो गाडीबरोबर गेला. मी जेवायला उठणार होते. उठले नाही. भूकच नव्हती.

मग पडद्यावर एक नवी पायरी आली. मला वाटलं, काम सुरू झालं. पण ती उरणकडच्या जोडावर नव्हती, अलीकडच्या, नेरूळकडच्या जोडावर होती. हे तिकडं कशाला गेले? मी रागातच होते. मनात म्हटलं, लहर आली असेल.

तेवढ्यात फोन वाजला. कंटेनर यार्डाच्या फाटकावरून हिरामण बोलत होते, धापा टाकत. "ताय, मी पंप घेवन आलू तं समदा सपाट हाय! डंपर वतून गेलं. फडका नाय, खड्डा नाय, साहेब नाय."

माझ्या हातातला फोन मला जाणवेना. मी विचारलं, "कुठल्या चेंबरमध्ये होते?"

"उरनचेच आसतीन. काम तेच व्हता ना."

नंदकुमार सर, आमचे इंजिनीअर, उरण फाट्यावरच होते. ते पोचले. रस्त्याच्या लोकांचा एकच जेसीबी तिथं होता. यार्डातल्या मुनशींनी फोन धरून ठेवला, मग सर स्वतः बोलले. मी म्हणाले, "सर, उरणकडचं नाही. अलीकडचं चेंबर खणा. पायरी अलीकडच्या जोडावर आहे."

"वैशाली, नीट ऐक. खराब जोड उरणकडचा. तो उरणकडेच असणार. अलीकडे मातीच्या वजनानं जोड दबला असेल, म्हणून तुला पायरी दिसतेय."

त्यांचं बरोबर असू शकत होतं, आबा. म्हणूनच मला जास्त भीती वाटली. जेसीबी एक. दोन ठिकाणी खणायला वेळ नव्हता. आतली हवा किती, कुणाला ठाऊक? मी चुकीच्या जागी बोट दाखवलं तर ह्यांना मीच मारलं असं झालं असतं.

मी पडद्याकडे बघत होते. आणि पायरी गेली. रेघ सरळ झाली. मग परत आली. परत गेली.

धागा बोटाभोवती घट्ट वळवला की उजेड गाभ्यात टिकत नाही, बाहेर सांडतो. तिथं पायरी पडते. बोट सैल केलं की उजेड पुढं जातो, पायरी जाते. माती बसली की बसली, ती परत उठत नाही.

"सर!" मी ओरडले. "पायरी येतेय आणि जातेय! तो हात आहे, सर. माती नाही."

सरांचा आवाज फोनपासून लांब गेला, "अरे, जेसीबी फिरवा! अलीकडे घ्या, अलीकडे!"

झालं होतं असं. हिरामणना वेळ लागेल म्हणून ह्यांनी तोवर अलीकडचं चेंबर उघडून बघायचं ठरवलं. ते कोरडं होतं. उतरले, जोडाची पेटी उघडून मांडीवर घेतली, आणि वरून डंपर ओतला गेला. तोंडातून मुरूम आत आला. हे मागं कोपऱ्यात सरकले म्हणून डोकं राहिलं. ओरडून उपयोग नव्हता. तेव्हा मशीनला लावलेला निळा धागा ह्यांनी बोटाला गुंडाळला.

खणणं चालू असताना सरांचा माणूस पळत यार्डातल्या फोनवर यायचा. "मॅडम, येतेय का अजून?" मी म्हणायचे, "येतेय." शेवटपर्यंत पायरी येत होती, म्हणून हे सापडले.

छातीपर्यंत मुरूम होता. शुद्ध नव्हती. तीन बरगड्या मोडल्यात, उजवा खांदा निखळला होता तो बसवलाय. डॉक्टर म्हणतात, वेळेत काढलं.

तुम्ही काही लिहू नका, पण हे पत्र फाडू नका.

वैशाली


१ फेब्रुवारी १९९८

ती. आबा,

आईंना सातारच्या गाडीत बसवून आल्यावर बरेच दिवस लिहिलं नाही. एक गोष्ट मध्ये अडकून बसली होती.

मागच्या पत्रात मी लिहिलं, शेवटपर्यंत पायरी येत होती. येत नव्हती. जेसीबी फिरवल्यावर थोड्याच वेळात रेघ सरळ झाली आणि तशीच राहिली. मी वाट बघितली. पडद्यावर हात ठेवला. काही नाही. तेव्हा तो माणूस आला, "मॅडम, येतेय का?" मी म्हणाले, "येतेय." पुन्हा आला. पुन्हा म्हणाले, "येतेय, जोरात येतेय." रस्त्याचे लोक सरांच्या मागं लागले होते, इथं काही लागत नाही, दुसरीकडे बघू म्हणून. मी एकदा 'नाही' म्हणाले असते तर जेसीबी उरणकडे गेला असता.

खोटं बोलताना माझा आवाज इतका शांत होता की मलाच त्याची भीती वाटली. हे आता जिवंत नाहीत असं माझं मन म्हणत होतं, आणि तोंड म्हणत होतं, येतेय.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सरांना नाही, ह्यांना नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही कुणाशी बोलत नाही.

ह्यांच्या बरगड्या जुळल्या. हातही चालतो. पण न्हाणीघराची कडी लावत नाहीत. लिफ्टनं जात नाहीत. पांघरूण छातीवर आलं की झटकून टाकतात. एकदा बाजारातून येताना शेजारून डंपर गेला तर हातातली पिशवी तिथंच टाकून पळत सुटले. वांगी रस्ताभर झाली. मग दोघांनी गोळा केली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

आतलं फार बोलत नाहीत. एकदाच, चहा पिताना, आपणहून म्हणाले, "उजेड हातात होता गं माझ्या. बोटाला गुंडाळलेला. आन डोळ्याफुडं मिट्ट. त्यो जातोय का न्हाई, तुला दिसतोय का न्हाई, कायबी कळायला मार्ग न्हाई." मग म्हणाले, "भांडून गेलो हुतो. वाटलं, ही चहाला उठून गेली आसंल."

आता मुद्द्याचं. पुढच्या आठवड्यातल्या सोमवारी, नऊ तारखेला, हे कामावर जाणार. आणि जायचंय तिथंच. जासईला. तात्पुरते जोड आहेत, ते पक्के करायचेत. सर म्हणाले, दुसऱ्याला पाठवतो. हे नको म्हणाले. "एकदा न्हाई उतरलो तर पुन्ना कधीच न्हाई उतरणार." रस्ता उंच झाल्यामुळे आता त्या चेंबरच्या तोंडावर विटांचं नळकांडं बांधलंय. पहिल्यापेक्षा खोल आहे. वरून बघितलं तर तळ दिसत नाही. मी गेल्या रविवारी जाऊन बघून आले. ह्यांना सांगितलं नाही.

डंपर आता येत नाहीत, हिरामण असतील, सर असतील. सगळी काळजी घेतलीय. तरी मला असं वाटतं की तोंडाशी घरचं माणूस असावं. मी नाही असू शकत, मी दुसऱ्या टोकाला असते.

तुम्ही या, असं मी म्हणत नाही. सोमवार, सकाळ, जासई, कंटेनर यार्डाच्या पुढं. कळवते एवढंच.

वैशाली


१५ फेब्रुवारी १९९८

ती. आबा,

तुम्ही पोचल्याचं आईंनी फोनवर सांगितलं. इथं असताना आपलं काहीच बोलणं झालं नाही, जेवलात आणि गाडीला निघालात. म्हणून सोमवारचं माझ्या टोकाकडचं लिहिते. तुमच्याकडचं तुम्हाला माहीत आहे.

त्या दिवशी मी ह्यांच्यासाठी डबा केला आणि तो ओट्यावरच विसरले. खोलीत जाऊन मशीन लावलं. या खेपेला मी सरांना आधीच सांगितलं होतं, संच गाडीत ठेवायचा नाही, चेंबरच्या तोंडाशी ठेवायचा आणि चालू ठेवायचा. हिरामणनी तो विटांच्या कडेवर ठेवला. मला वारा ऐकू येत होता.

"ताय, उतरतान," हिरामण म्हणाले. मग काहीच नाही. मग सरांचा आवाज, "कृष्णात, घाई नाही. वर ये, बस जरा."

मी विचारलं, "काय झालं?"

हिरामण संचात हळू बोलले, "दोन पायऱ्या उतरलं न् थांबलं. शिडी सोरीत नाय. आंग कापतंय."

आबा, अपघाताची ती दुपार एक वेळ परवडली. तेव्हा मी काहीतरी करू शकत होते, खरं किंवा खोटं. आता मला नुसता ह्यांचा श्वास ऐकू येत होता, तोंडानं घेतलेला, कुत्र्यासारखा. मला म्हणावंसं वाटलं, वर या, सोडा, घरी चला. म्हटलं असतं तर हे आले असते. आणि मग आयुष्यभर दार उघडं ठेवून बसले असते. मी ओठ दातांखाली धरले.

तेवढ्यात हिरामण म्हणाले, "कोन म्हातारा आलाय. धोतरवाला."

मला कळलं. पण विश्वास बसेना.

हिरामणनी नंतर सांगितलं, तुम्ही पिशवी खाली ठेवलीत, वहाणा काढल्यात आणि लेकाच्या दंडाला धरून त्याला शिडीवरून वर घेतलंत. सगळ्यांना वाटलं, आता घेऊन जाणार. सर तर म्हणाले, "बरं झालं आजोबा, न्या त्यांना." आणि तुम्ही धोतराचा काचा मारून स्वतःच शिडीवर पाय टाकलात. या वयात. सर अडवायला धावले. तुम्ही म्हणालात, "चाळीस वर्षं वर चढलोय. आता खाली."

मी फक्त शिडीचा आवाज ऐकला. लोखंडाचा, एकेक, हळूहळू, लांब जाणारा. तुमचं वय डोळ्यापुढं आलं. तुमचा गुडघा. आत काय साठलं असेल ते. मला वाटलं, आता दोघांनाही मी बोलावून मारलं.

मग शिडीचा आवाज थांबला. आणि खोलातून, नळकांड्यातून घुमत, तुमचा आवाज आला. दोन वर्षांनी, लेकासाठी.

"ये खाली. मी हाय."

बराच वेळ वारा. मी डोळे मिटले होते. पडद्याकडे बघायचं मला सुचलंच नाही.

आणि मग शिडी परत वाजली.

त्यानंतर तुम्हा दोघांना ठाऊक नसेल, पण वरचा संच चालूच होता. खालचं अर्धंमुर्धं मला ऐकू येत होतं. पेटी उघडल्याचं. तळाच्या मुरमात पाय हलल्याचं. ह्यांचा दम अजून लागलेलाच होता, पण बोलणं कामाचं होतं.

"आबा, त्याला हात लावू नका. काच हाय, बोटात जाती."

"मग कुठं धरू?"

"कायबी धरू नका. ही बॅटरी धरा. हितं. जरा खाली. हां, बास."

आणि तुम्ही बॅटरी धरलीत.

तुमची,
वैशाली